तिघांची फळी

खेळांचा इतिहास म्हणजे विजयांची आणि विक्रमांची जंत्री, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कोणत्या वर्षीं कोणता करंडक कोणीं जिंकला, कोणीं किती धांवा काढल्या, कोणीं किती गोल केले, एवढें सांगितलें कीं इतिहास संपला असें मानलें जातें. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, खेळांतील पुष्कळसा इतिहास सामना सुरू होण्यापूर्वींच घडून गेलेला असतो. कोणास कोणाच्या शेजारीं उभें करावयाचें, कोणास पुढें घालावयाचें आणि कोणास मागें ठेवावयाचें, कोणाच्या वांट्यास टाळ्या यावयाच्या आणि कोणाच्या वांट्यास नुसते कष्ट, हें सारें ज्या माणसास एका कागदावर मांडावें लागतें, त्याच्या मनांतील उलघाल कोणत्याही जंत्रींत सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या कागदाचाच इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्या वाचकांनीं शाळेंत असतांना खो-खो खेळला असेल, त्यांस हा प्रश्न अगदींच परका वाटणार नाहीं. पळतीचे गडी तिघे तिघे मैदानांत उतरतात. तीन चपळ गडी पहिल्याच तुकडींत घातले तर त्यांचा पळ पाहण्यासारखा होतो, परंतु ते बाद झाल्यावर मागून येणारे तिघे उघडे पडतात. उलट प्रत्येक तुकडींत एक एक चपळ गडी वांटून दिला, तर त्याचे दोघे साथीदार लवकर बाद होतात आणि तो एकटाच पाठलाग करणाऱ्यांच्या तावडींत सांपडतो. ज्यानें लहानपणीं एकदां तरी संघनायक होऊन अशा तुकड्या पाडल्या असतील, त्यास पक्कें ठाऊक असतें कीं येथें साधी बेरीज चालत नाहीं. हाच प्रश्न कॅनडा देशांतील बर्फावरच्या हॉकीनें शंभर वर्षें सोडविण्याचा प्रयत्न केला, आणि तिकडे तो केवळ खेळाचा न राहतां माणसांच्या पोटापाण्याचा व मानमरातबाचा प्रश्न होऊन बसला.

हा खेळ आपल्या मैदानी हॉकीचा भाऊ खरा, पण वेगानें तिच्याहून फार पुढें गेलेला. नॅशनल हॉकी लीग या धंदेवाईक संघांच्या मंडळाचें बर्फाचें अंगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असतें आणि त्याच्या सभोंवार कठडा असतो. पायांत धारदार पात्यांचे स्केट घातलेले गडी रबराची एक जाड चकती काठीनें परस्परांकडे ढकलीत समोरच्या जाळ्याकडे धांव घेतात. या चकतीस पक असें म्हणतात. एका बाजूस एका वेळीं सहा जण असतात: एक गोलरक्षक, दोन बचावाचे आणि तीन आघाडीचे. आघाडीच्या या तिघांस तिकडे लाइन म्हणतात. आपल्याकडे हॉकीच्या वर्णनांत आघाडीची फळी हा शब्द रुळलेलाच असल्यामुळें आम्हीही येथें फळी हाच शब्द वापरूं. फळीचा मधला गडी पक वांटतो आणि वेळ पडल्यास मागें येऊन बचावास हात देतो. डावा व उजवा हे कडेनें धांवून गोलाचा वेध घेतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव मिळून खेळ एक तास चालतो.

आरंभीं फळी ही कल्पनाच नव्हती. माँट्रिअल शहरांतील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या इमारतींत ३ मार्च १८७५ रोजीं छपराखालीं जो पहिला सुसंघटित सामना झाला, त्यांत प्रत्येक बाजूस नऊ गडी होते. पुढें ते सात झाले. त्यांतील सातव्यास रोव्हर, म्हणजे फिरस्ता, असें नांव होतें. त्यास ठराविक जागा नसे. जेथें उणें पडेल तेथें तो धांवून जाई. १९११ सालीं नॅशनल हॉकी असोसिएशन या संस्थेनें फिरस्त्यास रजा दिली आणि सहांचा संघ रूढ केला. त्याच वर्षीं फ्रँक व लेस्टर पॅट्रिक या बंधूंनीं पश्चिम किनाऱ्यावर जी स्वतंत्र लीग काढली, तींत मात्र तो आणखी दहाएक वर्षें टिकून होता. फिरस्ता गेला तेव्हां उणें भरून काढण्याचें त्याचें काम उरलेल्या गड्यांवर पडलें, आणि आघाडीच्या तिघांनीं एकमेकांस धरून खेळणें भाग झालें.

त्या काळचा नांवाजलेला गडी एकदां बर्फावर उतरला कीं बहुधा सामना संपेपर्यंत तेथेंच राही. बदली गडी हा दुखापतीच्या प्रसंगासाठींच राखलेला असे. परंतु स्केटवर सारा जोर लावून धांवणारा माणूस मिनिटाभरांतच धापा टाकूं लागतो. तासभर टिकावयाचें तर त्यानें जोर हातचा राखूनच खेळावें हें ओघानेंच आलें. दमलेल्या उत्तम गड्यापेक्षां ताज्या दमाचा मध्यम गडी कित्येकदां अधिक कामास येतो, ही गोष्ट ज्यांनीं आरंभीं ओळखली त्यांत लेस्टर पॅट्रिक हा प्रमुख होय. १९२५ सालीं त्याच्या व्हिक्टोरिया कूगर्स या संघानें माँट्रिअलच्या बलाढ्य कॅनेडियन्स संघास तीन सामन्यांस एक असें हरवून स्टॅनले करंडक जिंकला. त्या विजयाचें बरेंचसें श्रेय खेळ चालू असतांनाच संबंध फळी बदलून ताजी फळी उतरविण्याच्या त्याच्या युक्तीस दिलें जातें. आज गडी पाऊण मिनिटाच्या सुमारास कठड्यावरून आंत उडी घेतो आणि दुसरा बाहेर पडतो; त्या धांवपळीचें मूळ या काळांत आहे.

एका फळीच्या दोन झाल्या आणि प्रशिक्षकाच्या कागदावर दुसरी ओळ आली. ही दुसरी ओळ आरंभीं केवळ विसाव्याची होती. पहिल्या तिघांनीं दम खाईपर्यंत किल्ला लढवावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिला स्वतःचें असें कांहीं काम असूं शकतें हा विचार यावयास अजून अवकाश होता. तत्पूर्वीं पहिल्या फळीचें मर्म कळणें आवश्यक होतें, आणि तें न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघानें दाखवून दिलें.

१९२६ सालीं हा संघ नव्यानें उभा राहत होता. बिल कुक हा पश्चिमेकडील नामांकित गोल करणारा गडी त्यांत आला. त्यानें आपल्याबरोबर आपला धाकटा भाऊ बन यास आणलें आणि मधल्या जागेसाठीं फ्रँक बाउचरचें नांव सुचविलें. म्हणजे ही फळी व्यवस्थापकानें जितकी जमविली तितकीच ती गड्यानें स्वतः निवडली. त्या काळीं विरुद्ध पक्षाच्या हद्दींत पक पुढें देण्यास नियमानें बंदी होती. तो बाजूस किंवा मागेंच देतां येई. या अडचणींतून त्या तिघांनीं आपली अशी एक भाषा तयार केली. बाउचर पक कोठें सोडणार हें कुक बंधूंस न पाहतां कळे. बिलनें गोल करावा, बाउचरनें तो घडवून आणावा आणि बननें कोपऱ्यांतून पक सोडवून आणावा, अशी कामाची वांटणी ठरून गेली. सुमारें दहा वर्षें ते एकत्र खेळले आणि १९२८ व १९३३ या दोन सालीं रेंजर्सनीं स्टॅनले करंडक जिंकला. बाउचरच्या सभ्य खेळाची कीर्ति अशी कीं, त्यासाठीं दिला जाणारा लेडी बिंग करंडक आठ वर्षांत सातदां जिंकल्यावर तो त्यास कायमचाच देऊन टाकण्यांत आला.

याच सुमारास नियम बदलले आणि फळीचें बळ एकाएकीं वाढलें. १९२८-२९ च्या हंगामांत गोल इतके दुर्मिळ झाले होते कीं, कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ यानें ४४ सामन्यांपैकीं २२ सामन्यांत एकही गोल होऊं दिला नाहीं. पुढच्या हंगामांत सर्व हद्दींत पक पुढें देण्याची मुभा मिळाली. त्याबरोबर गडी विरुद्ध जाळ्यासमोर आधींच जाऊन उभे राहूं लागले. तेव्हां डिसेंबरांत, पकाच्या आधीं कोणीं त्या हद्दींत शिरूं नये, असा निर्बंध घालावा लागला. या नव्या मोकळिकीचा सर्वांत मोठा लाभ बॉस्टन ब्रुइन्स संघाच्या कूनी वायलंड, डिट क्लॅपर आणि डच गेनर या फळीनें उठविला. वायलंडनें एकट्यानें ४३ गोल केले आणि ४४ पैकीं ३८ सामने बॉस्टननें जिंकले. संबंध हंगामांत जो संघ लागोपाठ दोन सामने हरला नव्हता, तो करंडकाच्या अंतिम झुंजींत मात्र कॅनेडियन्सपुढें लागोपाठ दोन सामने हरला आणि करंडक गेला. उत्तम फळी हंगाम जिंकून देते. करंडक जिंकण्यास कागदावरील खालच्या ओळीही भक्कम असाव्या लागतात, असें कांहींसें या पराभवावरून म्हणतां येईल.

आतां आम्ही ज्या तिघांकडे वळतों, त्यांच्या कथेंत या विषयाचें सारें सार आलें आहे असें आम्हांस वाटतें. कॅनडाच्या ऑन्टेरिओ प्रांतांत किचनर नांवाचें गांव आहे. जर्मन वंशाच्या लोकांची तेथें मोठी वस्ती असल्यामुळें त्याचें मूळ नांव बर्लिन होतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, तें बदलण्यांत आलें. या गांवच्या परिसरांत मिल्ट श्मिट, वुडी डुमार्ट आणि बॉबी बाउअर हे तिघे खेळत वाढले आणि बॉस्टनच्या संघांत गेले. श्मिट मध्यें, डुमार्ट डावीकडे, बाउअर उजवीकडे. त्यांच्या वंशावरून त्यांच्या फळीस क्राउट असें थट्टेचें नांव पडलें. तिघे बॉस्टनमध्यें एकाच खोलींत राहत. आणि विशेष सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, वेतनाचें बोलणें करावयास मालकाकडे जावयाचें तर तिघे मिळून जात आणि तिघांस सारखेंच वेतन मागत. गोल कोणाच्या काठीवरून गेला याचा हिशेब लोक ठेवीत असतील; त्या तिघांनीं आपसांत तो ठेवला नाहीं.

१९३९-४० च्या हंगामांत संबंध लीगमध्यें गुणांच्या यादींत पहिला क्रमांक श्मिटचा आला आणि त्याच्या पाठोपाठचे दोन डुमार्ट व बाउअर यांचे. श्मिटचे ५२ गुण, इतर दोघांचे प्रत्येकीं ४३. एका फळीनें पहिल्या तिन्ही जागा घेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्या वेळीं बॉस्टनचा प्रशिक्षक कोण होता? तोच कूनी वायलंड, जो दहा वर्षांपूर्वीं त्याच संघाच्या गाजलेल्या फळीच्या मध्यभागीं खेळला होता. फळी म्हणजे काय हें ज्यानें आंतून अनुभवलें होतें, त्याच्याच हातीं आतां कागद आला होता. १९३९ चा करंडक बॉस्टननें आधींच घेतला होता. १९४१ चा वायलंडच्या कारकीर्दींत मिळाला.

मग युद्ध आलें. तिघांनीं कॅनडाच्या विमानदळांत नांवें घातलीं. १० फेब्रुवारी १९४२ रोजीं बॉस्टनमध्यें कॅनेडियन्सविरुद्ध ते शेवटचा सामना खेळले आणि बॉस्टननें तो आठ गोलांस एक असा जिंकला. सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या गड्यांनीं, हरलेल्यांनींसुद्धां, त्या तिघांस खांद्यांवर घेऊन बर्फावरून नेलें. ज्यांच्या वंशावरून थट्टेचें नांव पडलें होतें, ते त्याच वंशाच्या राष्ट्राविरुद्ध लढावयास निघाले होते. १९४५ सालीं तिघेही सुखरूप परत आले. १९४७ मध्यें बाउअर निवृत्त झाला. पुढें १८ मार्च १९५२ रोजीं बॉस्टनमध्यें श्मिट व डुमार्ट यांच्या गौरवाची रात्र ठरली, तेव्हां बाउअरनें एका सामन्यापुरते पुन्हां स्केट चढविले. त्या रात्रीं श्मिटनें आपला २०० वा गोल केला, तो जुन्या दोन्ही सोबत्यांच्या हातून आलेल्या पकावर.

येथें कोणी दुसरा लेखक पडदा पाडील. परंतु आमच्या दृष्टीनें या कथेचा खरा शेवट पुढच्या वर्षीं आहे. १९५३ च्या वसंतांत बॉस्टनची गांठ डेट्रॉइट रेड विंग्ज संघाशीं पडली. डेट्रॉइट लीगमध्यें पहिला होता. त्याच्या गॉर्डी हाउ या गड्यानें त्या हंगामांत ४९ गोल केले होते. पहिला सामना डेट्रॉइटनें सात विरुद्ध शून्य असा जिंकला, तेव्हां बॉस्टनचें काय होणार हें जणूं ठरूनच गेलें. बॉस्टनचा प्रशिक्षक लिन पॅट्रिक होता, ज्या लेस्टर पॅट्रिकचा उल्लेख वर आला आहे त्याचा मुलगा. त्यानें हाउच्या मागें सांवलीसारखें राहण्याचें काम डुमार्टवर सोंपविलें. डुमार्ट तेव्हां ३६ वर्षांचा होता. तेरा वर्षांपूर्वीं संबंध लीगमध्यें पहिल्या तिघांत ज्याचें नांव होतें, त्यास आतां सांगण्यांत आलें कीं, तूं गोल करूं नकोस, फक्त एका माणसास करूं देऊं नकोस. हाउच्या धारेस बांध बसला. पुढच्या पांच सामन्यांपैकीं चार बॉस्टननें जिंकले आणि डेट्रॉइट स्पर्धेबाहेर गेला. अंतिम झुंजींत कॅनेडियन्सनीं बॉस्टनचा पराभव केला, हा भाग निराळा. परंतु डुमार्टचें तें काम कोणत्याही गोलांच्या यादींत सांपडणार नाहीं. ज्याच्या हातीं कागद आहे त्यानें माणसाची जागा कशी बदलावी, आणि माणसानें बदललेली जागा कशी स्वीकारावी, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

डुमार्टनें ज्यास अडविलें त्या हाउच्याही फळीची एक कथा आहे, आणि ती इतकी सुखाची नाहीं. सिड एबल, गॉर्डी हाउ आणि टेड लिंडसे या डेट्रॉइटच्या तिघांनीं १९४९-५० मध्यें गुणांच्या पहिल्या तिन्ही जागा घेतल्या होत्या. तत्पूर्वीं १९४४-४५ मध्यें माँट्रिअलच्या एल्मर लाख, मोरिस रिशार व टो ब्लेक यांनींही तोच पराक्रम केला होता. १९५२ मध्यें एबल शिकागोस गेला आणि त्याच्या जागीं ॲलेक्स डेलव्हेकिओ आला, तरी फळी तितकीच भेदक राहिली. पण १९५७ सालीं लिंडसेनें खेळाडूंची संघटना उभारण्यास पुढाकार घेतला. मालकांस तें रुचलें नाहीं, आणि त्याच वर्षीं उन्हाळ्यांत त्यास शिकागोस धाडण्यांत आलें. बर्फावर ज्या फळीस कोणी सहजासहजीं फोडूं शकत नव्हतें, ती कचेरींतील एका सहीनें फुटली. फळी कोणाची, गड्यांची कीं मालकांची, या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर हें असें होतें.

असो. यानंतरच्या काळांत कागदावरील खालच्या ओळींस स्वतःचें तेज आलें. आज सामन्यासाठीं सज्ज होणाऱ्या संघांत गोलरक्षक सोडून अठरा गडी असतात; त्यांत बहुधा बारा आघाडीचे, म्हणजे तिघांच्या चार फळ्या, आणि सहा बचावाचे, म्हणजे दोघांच्या तीन जोड्या. पहिल्या दोन फळ्यांनीं गोल करावे, तिसरीनें विरुद्ध पक्षाच्या उत्तम फळीस जखडून ठेवावें, चौथीनें थोडा वेळ उतरून धडका द्याव्या व इतरांस विसावा द्यावा, ही वांटणी सामान्यतः रूढ झाली. यांत नियमाचाही एक बारकावा आहे. खेळ थांबला असतां पाहुण्या संघानें आपले गडी आधीं उतरवावयाचे आणि यजमान संघानें ते पाहून आपले नंतर, अशी पद्धति असल्यामुळें यजमान प्रशिक्षकास आपली जखडणारी फळी नेमकी समोरच्या वाघावर सोडतां येते. पाहुण्यास तीच गोष्ट खेळ चालू असतांना पटकन् माणसें बदलून साधावी लागते. प्रशिक्षकाचें कसब पाहावयाचें तर तें येथें पाहावें.

या तिसऱ्या फळीच्या कामास प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस म्हणजे माँट्रिअलचा बॉब गेनी. १९७६ ते १९७९ अशीं चार वर्षें लागोपाठ कॅनेडियन्सनीं करंडक जिंकला. लोक गी लाफ्लर व स्टीव्ह शट यांचे गोल मोजीत होते. १९७६-७७ मध्यें त्या दोघांनीं अनुक्रमें ५६ व ६० गोल केले. प्रशिक्षक स्कॉटी बोमन यास मात्र ठाऊक होतें कीं, समोरच्या संघाचे लाफ्लर आणि शट गप्प बसतात ते गेनीमुळें. आपल्या साऱ्या कारकीर्दींत गेनीनें कोणत्याही हंगामांत २३ हून अधिक गोल केले नाहींत. तरीही, बचावांत उत्कृष्ट ठरणाऱ्या आघाडीच्या गड्यासाठीं १९७८ मध्यें प्रथमच दिलेला सेल्की करंडक त्यास मिळाला आणि पुढेंही लागोपाठ तीन वर्षें त्यासच मिळत राहिला. जें काम आजवर कोणाच्या नजरेस पडत नव्हतें, त्यासाठीं वेगळा करंडक ठेवावा लागला, यांतच खेळाच्या समजुतींत पडलेला फरक दिसून येतो.

इकडे कॅनडांत ही विचारसरणी वाढत असतांना रशियांत दुसरीच वाढत होती. अनातोली तारासोव्ह या प्रशिक्षकाच्या तालमींत आघाडीचे तीन आणि बचावाचे दोन अशा पांचांचा एकच गट मानून त्यांस एकत्र वाढविलें जाई. सप्टेंबर १९७२ मध्यें या दोन विचारांची आठ सामन्यांची प्रत्यक्ष झुंज झाली. कॅनडानें आपले नामांकित ३५ धंदेवाईक गडी जमविले. प्रत्येक जण आपापल्या संघाचा राजा. पण एकमेकांची भाषा ठाऊक नसलेला. माँट्रिअलमधील पहिलाच सामना रशियानें सातास तीन असा जिंकला आणि सारा कॅनडा थक्क झाला. त्या ३५ जणांत बॉबी क्लार्क, रॉन एलिस आणि पॉल हेंडरसन या तिघांची फळी सरावाच्या वेळींच जमून गेली होती. मोठ्या नांवांच्या मानानें त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. परंतु साऱ्या मालिकेंत अखेरपर्यंत टिकून राहिली ती हीच फळी. मॉस्कोमधील शेवटचे तिन्ही सामने हेंडरसनच्या गोलांवर कॅनडानें जिंकले. आणि २८ सप्टेंबरच्या अखेरच्या सामन्यांत, ३४ सेकंद उरले असतां त्यानें निर्णायक गोल केला, तो मात्र आपल्या फळीबरोबर नव्हे. कठड्यामागून हांक मारून त्यानें पीटर महोव्हलिच यास बाहेर बोलावलें आणि त्याच्या जागीं स्वतः उडी घेतली. कागदानें त्यास तेथवर आणलें. शेवटचें पाऊल त्यानें कागद बाजूस सारून टाकलें.

रशियन पद्धतीचा कळस पुढें १९८० नंतरच्या दशकांत झाला. क्रुतोव्ह, लारिओनोव्ह व मकारोव्ह ही आघाडी आणि फेतिसोव्ह व कासातोनोव्ह ही बचावाची जोडी मिळून जो पांचांचा गट झाला, त्याच्या खेळांत जागा ठरलेल्या असून नसल्यासारख्या होत्या. कोण पुढें जाईल आणि कोण मागें राहील याचा अंदाज विरुद्ध पक्षास येत नसे. १९८४ व १९८८ या दोन्ही हिंवाळी ऑलिंपिकांत सोव्हिएट संघास सुवर्णपदक मिळालें. परंतु या स्वच्छंद खेळामागें वर्षाचे बहुतेक महिने कुटुंबापासून दूर बराकींत काढावे लागत. १९८८ मध्यें लारिओनोव्हनें ओगोन्योक या साप्ताहिकांत उघड पत्र लिहून प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यांच्या या कारभारावर टीका केली. लिंडसेची फळी मालकांच्या सहीनें फुटली. ही फळी अखंड राहावी म्हणून माणसें कोंडून ठेवलीं गेलीं. दोन अगदीं भिन्न समाज, पण प्रश्न एकच.

१९८९ मध्यें ते लोक अमेरिका व कॅनडांतील निरनिराळ्या संघांत विखुरले गेले. क्रुतोव्ह लीगमध्यें एकच हंगाम टिकला. पण कथा येथें संपली नाहीं. १९९५ सालीं डेट्रॉइटच्या संघांत फेदोरोव्ह, कोझलोव्ह व कॉन्स्तांतिनोव्ह हे तरुण रशियन गडी होतेच. त्यांच्या जोडीस वयस्क फेतिसोव्ह व लारिओनोव्ह येऊन मिळाले. प्रशिक्षक होता तोच स्कॉटी बोमन, ज्यानें गेनीची पारख केली होती. २७ ऑक्टोबर १९९५ रोजीं कॅलगरी येथें त्यानें या पांचांस प्रथमच एकत्र उतरविलें आणि सामना तीन गोलांस शून्य असा जिंकला. आपल्या तालमीबाहेरची रीति आपल्या कागदावर मांडण्याइतकें मन या ६२ वर्षांच्या माणसानें मोकळें ठेवलें होतें. या वेळीं त्या पांचांस कोणीं कोंडलें नव्हतें. जून १९९७ मध्यें डेट्रॉइटनें करंडक जिंकला, आणि सहाच दिवसांनीं, १३ जून रोजीं, मोटारीच्या अपघातांत कॉन्स्तांतिनोव्ह कायमचा पंगु झाला. पुढच्या वर्षीं डेट्रॉइटनें पुन्हां करंडक जिंकला तेव्हां सोबत्यांनीं त्यास चाकांच्या खुर्चींत बसवून बर्फावर आणलें आणि करंडक त्याच्या मांडीवर ठेवला. कागदावर त्याचें नांव नव्हतें. फळींत मात्र तो होता.

२००५ पासून लीगनें प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनावर मर्यादा घातली आहे. त्यामुळें फळ्यांची मांडणी करणारास आतां गुणांबरोबर पैशांचाही हिशेब करावा लागतो. दोन महागडे गडी घेतले तर त्यांच्या शेजारीं तिसरा स्वस्त व तरुण पाहावा लागतो. पूर्वीसारख्या दहा दहा वर्षें टिकणाऱ्या फळ्या आज विरळा. एकाच सामन्यांत दोनदां तीनदां फळ्या मोडून नव्या जुळविणारे प्रशिक्षकही आहेत. आंकडेशास्त्र मदतीस आलें आहे, आणि कोणाच्या शेजारीं कोण किती उपयोगी पडतो हें मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते व्हावेतच. पण कुक बंधूंस बाउचरची चाल न पाहतां कळे, ती कशी कळे, याचें गणित अद्याप पुरतें सुटलेलें दिसत नाहीं.

या सर्व इतिहासावरून आम्हांस एकच गोष्ट निश्चित वाटते. फळी कागदावर मांडतां येते, परंतु ती कागदावर तयार होत नाहीं. मांडणारानें माणसें शेजारीं आणावीं. पुढचें काम त्या माणसांचें असतें, आणि त्यास काळ लागतो, विश्वास लागतो, क्वचित् एकाच खोलींतील सहवासही लागतो. आणि मांडणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या ओळींत नसतेच. पहिल्या ओळींत कोणास घालावें हें प्रेक्षकांसही कळतें. तिसऱ्या व चौथ्या ओळींतील माणसास त्याचें काम कोणत्या शब्दांत सांगितलें, तें काम झाल्यावर त्याचा मान कितपत राखला, यावरून प्रशिक्षक ओळखावा. कचेरी असो, शाळा असो, नाटक मंडळी असो, वा एखादें मोठें एकत्र कुटुंब असो. जेथें जेथें कोणास पुढें व कोणास मागें ठेवण्याचा अधिकार एखाद्या माणसाच्या हातीं येतो, तेथें हा कागद त्याच्यापुढें पडलेलाच असतो. तो लिहितांना त्यानें वुडी डुमार्टची आठवण ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे.